पळून जायचं, तेही मामाकडे

माझी भाची घर सोडून पळून गेली, ही बातमी सगळ्यात आधी मला कळली. कारण ती पळून माझ्याकडेच आली होती.

उन्हाळा संपत आला होता. मी भंडारदऱ्याला धरणाच्या ऑफिसात कारकुनी करतो, तिथेच क्वार्टरमध्ये आम्ही नवरा-बायको राहतो. संध्याकाळचा चहा घेऊन ओट्यावर बसलो होतो, तर राजूरहून आलेली जीप फाटकासमोर थांबली आणि पाठीवर सॅक, हातात कापडी पिशवी घेतलेली माझी भाची उतरली. केसांत दिवसभराची धूळ, ओठ घट्ट मिटलेले. चप्पलसुद्धा न काढता ती माझ्यासमोर उभी राहिली.

"मामा, मी घर सोडलंय."

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून तिची मामी ओरडली, "अगं, आलीस का? ये ये, पाय धू आधी. एकटीच आलीस? ताईंना आणायचं की गं!"

पोरीचा चेहरा उतरला. दिवसभर एस.टी.त मनाशी घोकत आणलेलं वाक्य तिनं फेकलं होतं आणि ते कुणी झेललंच नव्हतं. मामीनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, सॅक उतरवली आणि तिला मोरीकडे पिटाळलं. पळून आलेल्या माणसाचं असं स्वागत झालं की त्याला पळून आल्याचं सिद्ध करणंसुद्धा अवघड जातं.

माझी थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणतो, तिसगावला दिलेली आहे. तिसगाव पाथर्डी तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाला, जिथे पावसाळ्यातही लोक आभाळाकडे संशयानं बघतात. मी दुसऱ्या टोकाला, जिथे कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत. सरकारनं जिल्ह्याचं नाव बदललं, पण त्याची लांबी काही कमी केली नाही, आणि स्टँडवर कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतात. पोरगी पहाटे निघून तिसगावहून नगर, नगरहून संगमनेर, मग अकोले, मग राजूर अशी गाड्या बदलत आली होती. एवढा प्रवास केला, पण जिल्हा काही ओलांडला नव्हता.

"पळून जायचं तर निदान जिल्ह्याबाहेर तरी जायचं," मी म्हणालो.

"चेष्टा करू नका मामा. मी खरंच घर सोडलंय."

"आईला सांगितलंस?"

"नगरच्या स्टँडवरनं फोन केला. म्हणलं, मी घर सोडून मामाकडं चाललेय, शोधू नका."

आता 'मामाकडं चाललेय' आणि 'शोधू नका' ही दोन वाक्यं एका फोनमध्ये बसत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. सतरा वर्षांच्या माणसाला इतका अपमान एका दिवसात पुरे असतो.

मी दाजींना, म्हणजे तिच्या वडिलांना, फोन लावला. दाजींचा टेम्पो आहे. बाजाराच्या दिवशी कांदा, बाकीच्या दिवशी मिळेल ते भाडं. माणूस वाईट नाही, पण त्यांचं म्हणणं पहिल्यांदा ठरतं आणि विचार मागून येतो. आमचं दोघांचं नातं मेहुणा-दाजींचं, म्हणजे टोमणे मारायचा दोघांनाही परवाना. पोरीनं स्पीकर लावायला लावला. बापाचा बांध कसा फुटतो ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

"दाजी, पोरगी हितं आलीय."

"व्हय, तुमची आक्का म्हनली. पोचली ना नीट?"

"पोचली. पन ती म्हनती..."

"बरं झालं. बारावीचा निकाल लागल्यापास्नं तोंड पाडून बसली हुती. राहू द्या आठ-पंधरा दिस. मामाकडं न्हाई राहायचं तर कुटं राहायचं? आन पाव्हनं, येताना तिच्यासंगट तुमच्याकडला काळभात द्या बरं का पिशवीभर. मागचा लई वासाचा हुता."

मी पोरीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि त्यात दुःख कमी, संताप जास्त होता. तिनं बंड केलं होतं आणि बापानं तिला तांदूळ आणायला सांगितलं होतं.

मग फोन आक्कानं घेतला. ती कडेला जाऊन बोलत असावी, आवाज बारीक होता. "भाऊ," ती म्हणाली, "तिला लगीच माघारी लावून देऊ नगंस." एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

पुढचे काही दिवस ती चिडून होती. आपल्याकडे मूल रुसलं, नापास झालं, घरात भांडण झालं की मामाच्या गावाला जातं. पिढ्यान् पिढ्या जातं. त्याला सुट्टी म्हणतात. मैत्रिणीकडे गेली असती तर गावभर बोभाटा झाला असता, पुण्याला गेली असती तर दाजींनी टेम्पो घेऊन अर्धा महाराष्ट्र पालथा घातला असता. आख्ख्या जगात घर सोडून गेल्याचं जिथे कुणी मानणार नाही अशी एकच जागा होती, आणि पोरीनं नेमकी तीच निवडली होती. मामी रोज तिच्या डोक्याला तेल लावी आणि विचारी, "उद्या काय करू गं तुझ्यासाठी?" ती म्हणे, "काही नको, मी पाहुणी नाही." मामी म्हणे, "बरं, मग घावन करते." आणि ती घावन खाई, कारण मामी घावन चांगले करते.

एकदा जेवताना तिनं मला विचारलं, "मामा, अमेरिकेत म्हणे काही ठिकाणी सोळाव्या वर्षी कोर्टात जाऊन आईबापापासून मोकळं होता येतं. मी मोबाईलवर पाहिलं. आपल्याकडं कितव्या वर्षी घर सोडता येतं?"

मी कारकून माणूस. प्रश्न विचारला की संबंधित टेबलाकडे पाठवायचा, ही माझी सवय. शिवाय माझी स्वतःचीही थोडी तंतरली होती. पेपरात रोज वाचतो, 'अल्पवयीन मुलीस फूस लावून पळवले.' आणि ती यायच्या आठवडाभर आधी मीच तिला काजव्यांचा फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, 'ये की एकदा, झाडं कशी पेटल्यासारखी दिसतात बघ.' ही फूस झाली की नाही? मी अकोल्यात वकिली करणाऱ्या एका मित्राकडे तिला घेऊन गेलो.

वकिलानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिला म्हणाला, "हे बघ बाळा, आपल्याकडे अठरा पूर्ण होईपर्यंत तू अज्ञान, म्हणजे अल्पवयीन. कायद्यानं पालक वडील, त्यांच्यानंतर आई. कोर्टात जाऊन आधीच मोकळं व्हायची सोय आपल्याकडे नाही. पण तू स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडलीस म्हणून तुझ्यावर गुन्हा नाही. गुन्हा होतो तो नेणाऱ्यावर."

मी खुर्चीत सावरून बसलो. "आणि फोटो पाठवणाऱ्यावर?"

"कसला फोटो?"

"काजव्यांचा."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तिच्याकडे वळला. "पोलिसांत तक्रार झाली तर ते शोधून आणतात. बालकल्याण समितीसमोर नेतात. तिथे तुला विचारतात, का गेलीस, परत जायचंय का, घरी काही त्रास आहे का."

"विचारतात?" ती म्हणाली.

"म्हणजे काय, विचारावंच लागतं."

मित्रानं मला विचारलं, "वडिलांना माहीत आहे ही इथे आहे ते?"

"आहे."

"काय म्हणाले?"

"आठ-पंधरा दिवस राहू द्या म्हणाले. आणि येताना तांदूळ द्या."

वकील मोठ्यानं हसला. "मग प्रश्नच मिटला! ही तर संमती झाली. पालकांच्या संमतीनं मामाकडे राहतेय. विनासंमती घर सोडलं असं म्हणताच येत नाही."

"पण मी संमती मागितलीच नव्हती!" ती जवळजवळ ओरडली.

"न मागता दिली तरी ती संमतीच, बाळा."

तिचा तो चेहरा आठवला की मला अजून हसू येतं आणि लगेच वाईटही वाटतं. कायद्यानंसुद्धा तिला मामाच्या गावालाच पाठवलं होतं.

अकोल्याच्या स्टँडवर आम्ही राजूरच्या गाडीची वाट बघत बसलो. तिनं मान खाली घालून, चपलेनं फरशीवरची माती सरकवत विचारलं, "मामा, मला माझ्या मर्जीनं घर सोडता कधी येईल?"

"आत्ताच ऐकलंस की. अठरा पूर्ण झाले की."

"आणि त्यांना माझं लग्न लावून देता कधी येतं?"

मी गाडी आली का ते बघायला मान वळवली.

"अठरा पूर्ण झाले की," तीच म्हणाली. "श्रावणात माझे अठरा पूर्ण होतात. तुळशीचं लग्न झालं की माझं. शेवगावचं स्थळ आहे, दुकान आहे त्यांचं. पप्पा म्हणतात, कायद्याच्या एक दिवस अलीकडं करणार न्हाई, पण पलीकडं लांबवणारबी न्हाई. सगळे म्हणतात, बाप बघा कसा कायदा पाळतो. मग मला सांगा मामा, अठरा पूर्ण झाल्यावर माझ्या वाट्याला कोणता दिवस येतो?"

"मुलगा कसा आहे?"

"वाईट नाही. मला तो नकोय असंही नाही. मला कुणी विचारलंच नाही. मला नगरला लॅबचा डिप्लोमा करायचाय. रक्त तपासायचं, लघवी तपासायची ते. हॉस्टेल आहे. घरी तीनदा सांगितलं. पप्पा म्हणाले, लग्नानंतर त्यांची मर्जी असेल तर कर."

मी उठून तिला भेळ घेऊन दिली. मामा लोकांना काही सुचलं नाही की ते खायला घेतात. तिनं ती खाल्ली. मला फार लाज वाटली. इतके दिवस मी तिच्या पळून येण्याची गंमत करत होतो. तिच्याकडे पळायला उरलेले दिवसच मोजके होते, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नगरच्या त्या कॉलेजात फोन केला. जागा होत्या. हॉस्टेलही होतं. मात्र विद्यार्थिनी अठराच्या आतली, तेव्हा पालकाची सही हवी. मी म्हटलं, मी मामा आहे, मी करतो सही. पलीकडची बाई सौजन्यानं म्हणाली, "सर, आई किंवा वडील. मामा चालत नाही." मी विचारलं, सख्खा मामा? ती म्हणाली, "सख्खासुद्धा." आक्का सही करायला एका पायावर तयार झाली असती, पण मग तिला त्याच घरात राहायचं होतं. ते ओझं तिच्या डोक्यावर टाकायला माझं मन होईना, आणि भाचीचंही होईना.

पंधरा दिवस झाले, पोरगी परतली नाही, तेव्हा दाजी स्वतः टेम्पो घेऊन आले. शेवगावचे लोक रविवारी सुपारी फोडायला येणार होते. पळून गेलेल्या मुलीला पकडून न्यायला आलेला हा बाप येताना बाजरीचं पोतं आणि भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला होता. "तुमी निस्ता भात खाऊन खाऊन ढिलं झालाय पाव्हनं," असं म्हणत त्यांनी पोतं ओट्यावर टाकलं आणि हसत हसत आत आले.

आता दाजी म्हणजे आमच्या घरचा जावई. जावयाशी भांडायचं तर आधी त्याला पाट द्यावा लागतो. मामीनं कोंबडी केली, भाकरी केली, पानात लिंबाची फोड ठेवली. मी समोर बसून वाढत होतो आणि आतून उकळत होतो. मला राग लवकर येतो, पण बहुधा चुकीच्या वेळी येतो. भाची आतल्या दाराला टेकून उभी होती.

"चल गं, पिशवी भर," दाजी तिला म्हणाले. "उद्या पहाटं निगायचं."

"मी येनार न्हाई पप्पा."

"बरं, परवा निगू."

"मी शिकायला जानार हाय. नगरला."

दाजी माझ्याकडे बघून हसले. "बगा, मामाकडं राहिली की डोस्कं फिरतं पोरांचं. अवो पाव्हनं, तुमीच समजून सांगा. दिवाळीनंतर बार उडवायचाय. तुमाला आत्ताच सांगून ठिवतो, चांगला फेटा घ्या. मांडवात तुमालाच धरून आनायचंय तिला."

ते सहज बोलले. त्यांच्या मनात काही नव्हतं. मी मात्र रश्श्याचं पातेलं खाली ठेवलं.

"दाजी," मी म्हणालो, "अक्षता वाटून झाल्यावर भटजी माईकवर काय म्हणतात?"

"काय म्हनतात?"

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

"मग?"

"मी आणणार नाही."

दाजींच्या हातातला घास तसाच राहिला. मामी चुलीपाशी होती, तिनंही वळून बघितलं. मला स्वतःलाच माझ्या आवाजाचं नवल वाटलं.

"चेष्टा करू नगा पाव्हनं."

"चेष्टा न्हाई दाजी. कॉलेजात मला सांगितलं, मामाची सही चालत न्हाई. खरं हाय, चालत न्हाई. कायद्यात मामाला काडीची किंमत न्हाई. पन मांडवात हाय. ती स्वतःच्या तोंडानं 'चल मामा' म्हनली, तर मी तिला खांद्यावर बसवून आनीन. ती न्हाई म्हनली, तर भटजींनी दहा वेळा पुकारू द्या. मी जागचा उठनार न्हाई."

"चुलत मामा हाय की तिसगावात."

"आना त्याला. लोक विचारतील सख्खा कुटं हाय, तर सांगा, तिसऱ्या लाईनीत बसलाय. फेटा बांधून बसलाय."

दाजी पानाकडे बघत बसले. मी जावयाचा अपमान केला होता, तोही भरल्या ताटावर. आमच्याकडे अशा गोष्टी वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी फार बरंही वाटत होतं. त्यांनी कशीबशी भाकरी संपवली, हात धुतला आणि ओट्यावर जाऊन बसले. मी पानसुपारी घेऊन गेलो. ते म्हणाले, "तुमची आक्का पन बोलंना माज्याशी. आठ दिस झालं. इचारलं तर म्हनती, काय न्हाई." मग बराच वेळ ते शेंगा फोडत राहिले, पण एकही तोंडात टाकली नाही.

मग त्यांनी हाक मारली. भाची बाहेर आली आणि खांबाला धरून उभी राहिली. मी आत जायला निघालो, तर ती म्हणाली, "मामा, थांबा." मी थांबलो.

"तू," दाजी म्हणाले, "हितं सुट्टीला न्हवतीस आली?"

"न्हाई पप्पा."

"घर सोडलं हुतंस?"

"व्हय."

"खरंच?"

"नगरवरनं आईला फोन करून सांगितलं हुतं."

"मला वाटलं, मामाकडं गेली." हे ते तिला सांगत नव्हते. स्वतःशीच बोलत होते. धरणाच्या भिंतीकडे बघत त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं. पंधरा दिवस आपल्या घरात मुलगी नव्हती आणि आपण तिच्याकडे तांदूळ मागत होतो, हे त्यांना तिथे त्या ओट्यावर उमगत होतं. मला त्यांचा राग येईनासा झाला. मोठ्या आवाजाचा हा माणूस इतका हळू बोलू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

"रविवारी पाव्हन्यांना नगा म्हनून सांगतो," ते म्हणाले. "आत्ता नगा म्हनून. फुडचं फुडं. सही करीन मी. कुटं करायची ती सांगा."

भाचीचा अजून विश्वास बसत नसावा. दाजी उठले, चपला घालायला वाकले आणि पुन्हा तसेच बसले. कायद्यानं ती अजून अज्ञान होती. तिला कुठेही पाठवायचा, कुठूनही परत आणायचा अधिकार त्या घटकेला त्यांचा होता. त्यांनी तिच्याकडे न बघता, चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत विचारलं,

"नगरला हॉस्टेलात सोडाया... मी आलो तर चालंल का तुला?"

तिनं खांबावरचा हात काढला, ओढणी नीट केली आणि खरोखर विचार केला.

"या," ती म्हणाली. "पण लवकर या. तिथं रांग असते."